कातळसड्यावरची शॉर्टफिल्म: ड्रोन कुठे, किती उंच आणि कशासाठी

ड्रोनवर केलेल्या बऱ्याच निसर्गफिल्म दुसऱ्या मिनिटाला कंटाळवाण्या होतात. चित्रं देखणी असतात, संगीत दणदणीत असतं, पण कॅमेरा वर कशासाठी गेला हे काही कळत नाही. डोंगर वरून, धरण वरून, समुद्र वरून. बघणारा मनात म्हणतो, बरं, मग?

त्यामुळे इथे 'कुठल्याही जागेची फिल्म कशी करावी' असं मोघम न लिहिता एकच जागा धरतो: रत्नागिरी जिल्ह्यातले कातळसडे. जांभ्याच्या या सपाट पठारांवर कोरलेली कातळशिल्पं जमिनीवर उभं राहून पाहिली तर रेघांचा गुंता दिसतो. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. त्याच्या पायाशी उभ्या माणसाला तो हत्ती आहे हेच उमगत नाही. म्हणजे इथे उंचीला काम आहे. तुमची जागा वेगळी असेल, घाटमाथ्यावरचं पठार किंवा खाडीकाठचं खारफुटीचं रान, तरी प्रत्येक हवाई शॉटआधीचा प्रश्न हाच: हे खालून दिसलं असतं का? दिसलं असतं, तर ड्रोन बॅगेतच राहू द्या.

आधी गोष्ट, मग उड्डाण

कागदावर एक वाक्य लिहा. 'कोकणातला निसर्ग' हे वाक्य नव्हे, तो कॅलेंडरचा विषय झाला. 'ज्याला लोक ओसाड म्हणतात तो सडा वर्षातून चार वेळा रंग बदलतो' हे वाक्य झालं, कारण ते दाखवता येतं आणि त्यात काळ आहे. सातबाऱ्यावर सड्यांची नोंद बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून असते, त्यामुळे या वाक्याला आपोआप एक ताणही मिळतो.

हे वाक्य हातात आलं की वेळापत्रक तयार होतं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कातळ काळाभोर होतो, डबकी भरतात, बेडूक ओरडू लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा यांचे निळे, पांढरे, पिवळे पट्टे उमटतात. ते पट्टे पाण्याच्या खोलीप्रमाणे आणि मातीच्या थराप्रमाणे पडलेले असतात, आणि त्यांची ही रचना वरूनच कळते. नोव्हेंबरात गवत सोनेरी होतं. मार्च-एप्रिलमध्ये सडा उघडा पडतो, कुठे कुठे वणव्याने काळा झालेला. फिल्म चांगली व्हायची असेल तर या चारही वेळी त्याच जागी जावं लागेल. एका शनिवार-रविवारात उरकायचा बेत असेल तर विषय लहान करा: एक डबकं, एक चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण), एक गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण).

पहिल्या फेरीत ड्रोन नेऊच नका, असं मी सांगेन. चाला. वाडीतल्या माणसांशी बोला, शिल्पांना गावात काय म्हणतात ते विचारा, पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहा. कातळशिल्पांचा शोध आणि नोंदी यांचं मोठं काम रत्नागिरीतले सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांची निसर्गयात्री संस्था यांनी केलं, तेही आधी पायी फिरून आणि गावकऱ्यांना विचारूनच.

परवानगी: नकाशा, कागद आणि गाव

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोसाठी आणि बिगरव्यावसायिक वापराच्या मायक्रोसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन काम करणार असाल आणि ड्रोन मायक्रो असेल तर मात्र डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना तृतीय पक्ष विमा हवा. ड्रोनची नोंदणी करून युनिक ओळख क्रमांक घ्यायचा असतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट: फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा 'बिल नाही, पण स्वस्तात देतो' असं कुणी म्हणालं तर लांबूनच नमस्कार करा.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल भागात केंद्र सरकारची. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, त्यामुळे शहराजवळच्या सड्यांबाबत नकाशा न बघता अंदाजाने ठरवू नका. शिवाय जिल्हाधिकारी काही काळापुरती ड्रोनबंदी जाहीर करतात; ती नकाशावर दिसेलच असं नाही, पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं.

कोकणातली नऊ कातळशिल्प स्थळं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. अशा जागी पुरातत्त्व विभागाला लेखी कळवून, उत्तर हाती घेऊनच जा. अभयारण्यात, मग ते राधानगरी असो की कळसूबाई-हरिश्चंद्रगड, वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही. 'सगळेच उडवतात' हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही.

आता कुठल्या नियमात नसलेली, पण सगळ्यात महत्त्वाची परवानगी. सडा ओसाड दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. शिवाय ड्रोन म्हणजे जमिनीची मोजणी, हे समीकरण गावांत पक्कं आहे. बारसूच्या सड्यावर २०२३ साली रिफायनरीच्या माती परीक्षणावरून केवढं आंदोलन झालं ते आठवा. अशा परिसरात अचानक डोक्यावर गुणगुण सुरू झाली तर लोक जाब विचारणारच, आणि तो त्यांचा हक्कच आहे. सरपंच, पोलीस पाटील आणि जमीनमालक यांना आधी भेटा, स्क्रीनवर चित्र दाखवा, मुलांना बघू द्या. त्यात जाणारा अर्धा तास पुढे फार उपयोगी पडतो: वाट दाखवायला, पाणी द्यायला आणि फिल्ममध्ये बोलायला माणसं मिळतात.

वारा आणि उजेड

भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो, सकाळी मधे एक शांत वेळ मिळते, आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. सड्यावर अडवायला झाड नसतं. त्यामुळे सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंतचा काळ उड्डाणाचा, दुपार जमिनीवरच्या कामाची, आणि संध्याकाळी वारा पडला तरच पुन्हा ड्रोन. हलके ड्रोन सेकंदाला १० मीटरच्या आसपासच्या वाऱ्यापर्यंतच तग धरतात. जमिनीवर गवत नुसतं डुलत असेल तेव्हा ६० मीटरवर वारा बराच अधिक असतो. जाताना वाऱ्याविरुद्ध जा आणि येताना वाऱ्यासोबत या. उलटं केलंत तर परतीच्या वाटेवर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

पावसाळ्यात सरींमधल्या उघडिपीत उडवायचा मोह होतो. बहुतेक लहान ड्रोन पाण्यापासून सुरक्षित नसतात, आणि ढगात शिरला तर पाऊस नसतानाही मोटारी आणि लेन्स ओल्या होतात.

शिल्पांसाठी उजेडाचा नियम कडक आहे. रेघा जेमतेम काही सेंटीमीटर खोल आहेत. डोक्यावरच्या उन्हात त्यांना सावलीच पडत नाही आणि चित्र पुसल्यासारखं होतं. सूर्य क्षितिजाजवळ असताना तिरपा उजेड खाचेच्या एका काठावर सावली धरतो आणि हत्ती, मासे, माणसं अक्षरशः उठून येतात. हा खेळ फार तर तासभर चालतो. रेघा दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरणं, पाणी ओतणं, झाडूने खरवडणं असले प्रकार करू नका.

उंचीचा हिशेब

इथे जरा गणित करू, कारण 'जरा अजून वर घे' या सवयीनेच बहुतेक फिल्म बिघडतात. ड्रोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिलिमीटर समतुल्य, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सचा असतो. कॅमेरा सरळ खाली वळवला की फ्रेमची रुंदी उंचीच्या सुमारे दीडपट मिळते. म्हणजे २० मीटरवरून जवळपास ३० मीटर रुंद आणि १७ मीटर लांब जमीन दिसेल. कशेळीचा हत्ती कडेला थोडी मोकळी जागा ठेवून यात बसतो. फोरकेमध्ये ३,८४० पिक्सेल असतात, म्हणजे एक पिक्सेल पाऊण सेंटीमीटरचा झाला. कोरीव रेघ नीट दिसेल. तेच १२० मीटरवर गेलात तर फ्रेम १८० मीटर रुंद आणि एक पिक्सेल जवळपास पाच सेंटीमीटरचा. रेघा गायब. उरतो एक तपकिरी तुकडा.

म्हणून उंचीच्या तीन पायऱ्या ठरवा. २ ते ५ मीटर: फुलांचा पट्टा, डबक्याचा काठ. १५ ते २५ मीटर: शिल्प किंवा गडग्याची पूर्ण आकृती. ८० ते ११० मीटर: सडा, त्याच्या कडेच्या कलमांच्या बागा, चिरेखाणी आणि पलीकडे समुद्र. मधल्या उंचीवर चाळीस-पन्नास मीटरला ना तपशील मिळतो, ना भूगोल. चिरेखाणीचे काटकोनी खड्डे आणि शेजारी वळणदार शिल्प एका फ्रेममध्ये आले तर निवेदनातली चार वाक्यं वाचतात.

ड्रोन दाखवतो ती उंची उड्डाणस्थळापासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. कशेळीजवळच्या देवघळीसारख्या कड्यावरून समुद्राच्या दिशेने गेलात की आकडा तोच राहतो आणि खाली जमीन मात्र एकदम खोल जाते. घाटात उलटा धोका: आकडा ५० म्हणतो आणि समोर डोंगर.

उडवण्याआधी: होकायंत्राचं दुखणं

जांभ्यात लोह भरपूर असतं. देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते हे अनेक भेट देणाऱ्यांनी पाहिलं आहे. ड्रोनलाही होकायंत्र असतं. ते बावचळलं तर एका जागी थांबवलेला ड्रोन गोल गोल फिरत मोठी मोठी वर्तुळं काढू लागतो. तेव्हा:

• ॲपने होकायंत्राची सूचना दिली तर तिथेच कॅलिब्रेशन (होकायंत्र नव्याने जुळवणं) करू नका. बिघडलेल्या क्षेत्रातच ते 'बरोबर' मानून बसेल. पन्नासेक पावलं दूर जा, गाडी आणि लोखंडी रेलिंगपासून लांब.
• ड्रोन कातळावर ठेवण्याऐवजी प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवून पाहा. बऱ्याचदा जमिनीपासून फूट-दोन फूट वर सूचना नाहीशी होते.
• उपग्रह पुरेसे मिळून परतीचं ठिकाण नोंदलं गेल्याशिवाय उठवू नका. उठवल्यावर डोक्याइतक्या उंचीवर अर्धा मिनिट थांबवून बघा. सरकत असेल तर उतरवा.
• आपोआप परतण्याची उंची वीजवाहिन्या आणि मोबाइल टॉवर यांच्या वर ठेवा. सड्यांवरून उच्चदाबाच्या तारा जातात आणि त्या स्क्रीनवर दिसत नाहीत.
• बॅटरी ३५ टक्क्यांवर आली की माघारी. खोक्यावरची मिनिटं वारा नसतानाची असतात.

पाण्यावरून अगदी खालून जाऊ नका. खालचे सेन्सर चकाकत्या पाण्यावर फसतात. उड्डाण आणि उतरण शिल्पावरून कधीच नको, आणि शिल्पावर बूट घालून उभं राहून रिमोट चालवणंही नको.

पक्ष्यांचं वेगळं सांगायला हवं. टिटवी, चंडोल आणि रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मार्चनंतर सड्यावर टिटवी तुमच्याभोवती ओरडत घिरट्या घालू लागली तर जवळ घरटं आहे, जागा बदला. किनाऱ्याकडे समुद्री गरुड आणि ब्राह्मणी घार असतात. ती ड्रोनकडे वळली तर तिचा पाठलाग करत शॉट घेणारे महाभाग आहेत. तो शॉट फिल्ममध्ये दिसला की जाणकार प्रेक्षक तिथेच उठतो. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जाऊच नका, खाली माणसं असतात.

कॅमेऱ्याची मांडणी

सगळं ऑटोवर ठेवलं की ढगाची सावली आली-गेली तसा शॉट उजळतो-काळवंडतो. त्यामुळे मॅन्युअल. २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स साधारण ५५०० वर पक्का. एवढा मंद शटर भर उन्हात चालवायला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्सवरची गडद काच, लागतो: एफ २.८ च्या लेन्सला दुपारी एनडी ६४, सकाळी ८ किंवा १६. एफ १.७ ची लेन्स असेल तर आणखी एक-दीड पायरी गडद. काळा ओला कातळ आणि पांढरं आकाश एकत्र आलं तर आकाश वाचवा. सावली नंतर थोडी उजळता येते, जळालेला ढग परत येत नाही. लॉग प्रोफाइल (नंतर रंग देण्यासाठी मुद्दाम फिकं चित्र टिपणारी मांडणी) रंगांवर खरंच काम करणार असाल तरच वापरा.

हालचाली थोड्या ठेवा. सरळ वर, सरळ पुढे, बाजूला. एका फिल्मला या तीन पुरतात. गोल फिरणारा ऑर्बिट हा लग्नाच्या व्हिडिओंनी इतका झिजवला आहे की त्याला आता अर्थच उरलेला नाही. ड्रोनची हालचाल संथ करणारा सिने मोड लावा, वेग सेकंदाला तीन मीटरच्या आत. जमिनीजवळ तोच वेग दुप्पट भासतो. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच सेकंद स्थिर थांबा. आणि एक शॉट पूर्ण स्थिर घ्याच: ड्रोन हलत नाही, फक्त ढगांच्या सावल्या सड्यावरून सरकत आहेत.

चार ऋतूंची जोडणी करायची असेल तर वहीत प्रत्येक मुख्य शॉटची नोंद ठेवा: जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, दिशा, कॅमेऱ्याचा कोन, वेळ. ड्रोनमध्ये वेपॉइंटची, म्हणजे ठरवलेल्या बिंदूंवरून तोच मार्ग पुन्हा उडवण्याची, सोय असेल तर उत्तम. नसेल तर एखादा ठळक दगड किंवा गडग्याचा कोपरा फ्रेमच्या ठरावीक ठिकाणी आणा. काळा कातळ, फुलं, सोनेरी गवत आणि जळकी राख ही चारही चित्रं एकाच चौकटीत एकामागून एक आली की फिल्मचा कणा तयार झाला.

जमिनीवरचं काम आणि आवाज

पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये पन्नासेक शॉट येतात. त्यात हवाई पंधरा-सोळापेक्षा जास्त नकोत. बाकीचं मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर: दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांवर अडकलेली माशी, डबक्यातली बेडकांची पिल्लं, चिरा तासणारे हात, गुरं हाकणारी बाई, कातळाच्या भेगेत उगवलेलं गवत. बोटभर फुलावरून थेट शंभर मीटरवर उडी मारली की उंची अंगावर येते. आधीपासूनच उंच असलेल्या फिल्मला वर जायला जागाच राहत नाही.

ड्रोन वापरण्याजोगा आवाज देत नाही. पंख्यांचा घरघराट तेवढा मिळतो. त्यामुळे आवाज वेगळा घ्या. लहान रेकॉर्डर किंवा मोबाइलला बाहेरचा माइक, त्यावर केसाळ वारारोधक. तो नसेल तर सड्यावरचा वारा सगळं खाऊन टाकतो. दर ठिकाणी बोलणं बंद करून दोन मिनिटं नुसता परिसर टिपा: गवतातला वारा, टिटवी, दूरची चिरेखाणीची यंत्रं, जूनमधले बेडूक. हवाई शॉटखाली त्या जागेचा हा आवाज टाकला की संगीताची गरज निम्म्याने कमी होते.

निवेदन लिहून पुणेरी आवाजात वाचून घेण्याआधी वाडीतल्या एखाद्या आजोबांना बोलतं करा. संगमेश्वरी बोलीतली त्यांची चार वाक्यं तुमच्या पानभर मजकुराला भारी पडतील. उपशीर्षकं द्या, बोली बदलू नका. शिल्पांच्या काळाबद्दल बोलताना तोल राखा. ती मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फिल्ममध्येही 'अंदाज' हा शब्द राहू द्या.

संकलन

त्याच रात्री फुटेज दोन ठिकाणी उतरवून घ्या, तोवर कार्ड पुसू नका. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फोरकेची फिल्म पूर्ण होते; संगणक अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवा. सुरुवात हवाई शॉटने करू नका. आधी जमीन, आवाज, एखादा चेहरा किंवा एखादं फूल, आणि प्रेक्षकाला 'या रेघा कसल्या?' असा प्रश्न पडू द्या. त्याचं उत्तर म्हणून कॅमेरा वर जाऊ दे. हे वर जाणं फिल्ममध्ये एकदाच, पूर्ण लांबीने, न कापता ठेवा. बाकीचे हवाई शॉट चार-सहा सेकंदांत संपवा.

रंग देताना हिरवा आवरा. पावसाळ्यातला हिरवा कॅमेऱ्यात आधीच भडक येतो, त्यात आणखी गडद केला की कोकणाचं प्लॅस्टिक होतं. लाल जांभा योग्य दिसतोय ना ते पाहून बाकीचे रंग त्याच्याशी जुळवा.

फिल्म बाहेर सोडण्याआधी ती गावात दाखवा. नाव चुकलं असेल, कुणाची हद्द भलतीच सांगितली असेल, तर तिथेच कळेल. ज्या शिल्पांना अजून कुंपण किंवा राखण नाही त्यांचं नेमकं ठिकाण टाकू नका, तालुक्याचं नाव पुरे. ड्रोनच्या फोटोंत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि व्हिडिओसोबतच्या एसआरटी फाइलमध्येही ते असू शकतात. फोटोंतली ही माहिती काढून टाका, आणि ती एसआरटी फाइल उपशीर्षकांची समजून चुकूनही अपलोड करू नका. सरळ खाली पाहून घेतलेले मूळ शॉट मात्र ग्रामपंचायतीला आणि अभ्यासकांना पूर्ण नोंदींसह देऊन ठेवा.